एकट्याची परीक्षा : फटफटीच्या परवान्याची कहाणी

मराठी माणसाने मोटारसायकलला 'फटफटी' म्हटले, ते तिच्या आवाजावरून. आगगाडीचे नाव तिच्या पोटातल्या आगीवरून पडले. हिचे बारसे मात्र कानांनी केले. ती दिसण्यापूर्वी ऐकू येई. वेशीपलीकडे फटफट सुरू झाली की पारावरची मंडळी माना वळवीत, कोंबड्या फडफडत, बैल बुजत, आणि धुळीच्या लोटातून स्वार प्रकट झाला म्हणजे प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येई : हा कोण बुवा? आणि याला हे धूड आवरते असे सांगितले कोणी?

फटफटीच्या परवान्याचा सारा इतिहास म्हणजे या साध्या प्रश्नाला सरकारांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. खिशातले ते एवढेसे कार्ड आज आपण 'लायसन' म्हणून सहज दाखवतो. पण त्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बरीच रूपे पालटली आहेत. कधी ते राजाचे कृपापत्र होते, कधी निव्वळ पैसे भरल्याची पावती, तर कधी कौशल्याचे प्रमाणपत्र. आणि या प्रत्येक रूपात एक अडचण कायम राहिली, ती खास दुचाकीचीच आहे. ती कोणती, ते ओघाने येईलच.

यंत्र आधी, परवाना मागाहून

१८८५ साली जर्मनीतील कान्स्टाट गावी गॉटलीब डेमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून एक वाहन तयार केले. खरे तर त्यांना इंजिनाची परीक्षा पाहायची होती. वाहन हे निमित्त. अर्ध्या अश्वशक्तीचे हे यंत्र ताशी सुमारे बारा किलोमीटर वेगाने जाई. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांना दोन छोटी चाके लावलेली होती, लहान मुलांच्या सायकलला असतात तशी. डेमलरच्या तरुण मुलाने त्यावरून पहिली रपेट मारली, तेव्हा खाली असलेल्या तापलेल्या नळीने बैठकीलाच आग लावली म्हणतात! जगातल्या या पहिल्या फटफटीस्वाराला परवाना विचारणारे कोणी नव्हते. जे वाहन पूर्वी कधी कोणी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी कायदा असणार कुठून?

परवानगीचा पहिला कागद निघाला तो तीन वर्षांनी, आणि तोही तीन चाकांच्या मोटारगाडीसाठी. मानहाइमच्या कार्ल बेंझ याच्या गाडीच्या आवाजाला आणि वासाला शेजारीपाजारी कंटाळले होते. तेव्हा बेंझने बाडेन संस्थानाच्या सरकारकडून १ ऑगस्ट १८८८ रोजी लेखी परवानगी मिळवली. परीक्षा नाही, वयाची अट नाही. सरकार मायबाप प्रसन्न झाले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्याच ऑगस्ट महिन्यात त्याची पत्नी बेर्टा हिने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतले आणि हीच गाडी हाकीत शंभराहून अधिक किलोमीटरवरचे आपले माहेर, फोर्झहाइम, गाठले. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने साफ केली. इंधन संपले, ते औषधांच्या दुकानातून घेतले. कागद नवऱ्याच्या नावाचा आणि कौशल्य बायकोचे! परवाना असणे आणि चालवता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा जगाला असा आरंभीच मिळाला.

या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मान पॅरिसकडे जातो. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तेथील पोलीस खात्याने फर्मान काढले, की यांत्रिक वाहन चालवू इच्छिणाऱ्याने आधी ते चालवून दाखवावे आणि पात्रतेचा दाखला घ्यावा. १८९८ साली ड्यूझेसची डचेस ही ही परीक्षा उत्तीर्ण झालेली फ्रान्समधील पहिली स्त्री ठरली. लगोलग ताशी बारा किलोमीटरची मर्यादा ओलांडून पंधराच्या वेगाने गेल्याबद्दल तिला दंडही झाला. परीक्षा उत्तीर्ण होणारे आणि नियम पाळणारे हे एकच असतील असे नाही, हा दुसरा धडा.

पाच शिलिंगांची पावती

इंग्रजांची तऱ्हा निराळी. घोडा हा त्यांच्या रस्त्याचा धनी. १८९६ च्या कायद्यात अशी तरतूद होती की बुजणारा घोडा ज्याच्या ताब्यात आहे त्याने नुसता हात वर केला, तरी यंत्रवाल्याने आपले वाहन थांबवलेच पाहिजे. पुढे १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून वाहन चालवणाऱ्या प्रत्येकास परवाना आवश्यक झाला. पण तो मिळवायचा कसा? काउन्टी कौन्सिलच्या कचेरीत जावे, पाच शिलिंग भरावे आणि कागद घेऊन घरी यावे. परीक्षा म्हणून नाही! आंधळ्याने पाच शिलिंग पाठवले असते तरी त्याला परवाना आला असता, इतका हा कारभार उदार होता.

मग या परवान्याचा उपयोग काय? उपयोग असा की गुन्हा घडला तर त्यावर न्यायाधीशाला शेरा मारता येई. म्हणजे मोटारवाल्याची शेंडी सरकारच्या हाती आली, एवढेच. तो चांगला चालवतो की वाईट, हे अपघात झाल्यावर कळायचे.

यातही फटफटीचा प्रकार अधिक मासलेवाईक होता. मोटार चालवण्यास वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे जरूर होते. फटफटीला मात्र चौदा वर्षे पुरत! मोटार ही श्रीमंताची वस्तू, फटफटी ही सायकलचीच थोरली बहीण, असा कायदा करणाऱ्यांचा समज असावा. चाके जितकी कमी तितका धोका अधिक, हे साधे गणित त्यांच्या ध्यानी आले नाही. हा कायदा तात्पुरता म्हणून केला होता. पण दरसाल मुदत वाढवून घेत तो १९३० पर्यंत चालला. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने फटफटीस्वाराचे किमान वय सोळा केले खरे, पण त्याबरोबर मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली! व्हायचे तेच झाले. १९३४ या एका सालात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले.

रस्त्याच्या कडेला उभा परीक्षक

१३ मार्च १९३५ पासून ब्रिटनमध्ये ऐच्छिक परीक्षा सुरू झाली. लंडनच्या केनिंग्टन भागातील बीन नावाचे गृहस्थ साडेसात शिलिंग भरून पहिले उत्तीर्ण उमेदवार ठरले. १ जूनपासून ती सक्तीची झाली. १ एप्रिल १९३४ नंतर ज्यांनी वाहन हाती घेतले होते अशा सर्वांना ती द्यावी लागली. सुरुवातीला परीक्षेसाठी स्वतंत्र जागाही नव्हती. परीक्षक आणि उमेदवार ठरवून टपाल कचेरीपाशी नाहीतर रेल्वे स्टेशनपाशी भेटत, एखाद्या उपवर मुलामुलीप्रमाणे. पहिल्या साली शंभरांत त्रेसष्ट उत्तीर्ण झाले.

आता ती अडचण सांगतो. मोटारीच्या परीक्षेत परीक्षक शेजारी बसतो. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, नजर कुठे आहे, हे त्याला दिसते. वेळ आली तर तो ओरडू शकतो, चाक ओढू शकतो. फटफटीच्या परीक्षेत त्याने बसायचे कुठे? मागे बसावे तर नवशिक्याचा तोल जाईल आणि परीक्षकाचा विमा कामी येईल. म्हणून त्याने रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, आणि स्वाराने घरांच्या चौकाला वळसे घालून पुन्हा पुन्हा त्याच्यासमोरून जायचे. मधल्या गल्लीत तो काय करतो, हे त्याचे त्याला ठाऊक. अचानक थांबण्याची परीक्षा घ्यायची तर परीक्षक एकदम पुढे येऊन हात दाखवी. एकदा एक परीक्षक असा पुढे आला आणि समोरून येणारा फटफटीवाला भलताच निघाला, असा किस्सा तिकडे पिढ्यानुपिढ्या चवीने सांगतात. खरेखोटे तो जाणे. पण परीक्षेच्या दुबळेपणावर त्याने नेमके बोट ठेवले आहे. ही दूरदर्शनाची पद्धत जवळजवळ अर्धशतक चालली. १९८९ मध्ये परीक्षकाने स्वतः दुसऱ्या फटफटीवर बसून, रेडिओवरून सूचना देत, उमेदवाराच्या मागे जाण्याची रीत सुरू झाली, तेव्हा कुठे परीक्षेला चाके फुटली.

याच १९३५ सालातली आणखी एक घटना येथे नोंदली पाहिजे. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स हा फटफटीचा निस्सीम भक्त. १३ मे रोजी सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो आपल्या ब्रफ सुपीरिअरवरून फेकला गेला आणि १९ मे रोजी वारला. परीक्षा सक्तीची व्हायला अवघे काही दिवस उरले होते. अर्थात लॉरेन्सला कोणत्याही परीक्षकाने नापास केले नसते! त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्झ नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी फटफटीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास आरंभला. १९४१ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि लष्करातील निरोप्ये शिरस्त्राण घालू लागले. ब्रिटनच्या सर्वसामान्य स्वारांवर ती सक्ती यायला मात्र १९७३ उजाडले. उत्तम चालवणारा देखील पडू शकतो, हा तिसरा धडा शिकायला इतकी वर्षे लागली.

पुढे पुढे इंग्रजांनी जिना बांधावा तशी परवान्याला पायऱ्या बांधल्या. १९६१ पासून शिकाऊ माणसाने २५० घनसेंटिमीटरच्या वरच्या फटफटीला हात लावायचा नाही असे ठरले. १९८३ मध्ये ही मर्यादा १२५ वर आणली. १९९० च्या डिसेंबरपासून रस्त्यावर येण्याआधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. लहान यंत्र, मग मोठे यंत्र. आधी शिक्षण, मग परीक्षा. पाच शिलिंगांच्या पावतीपासून येथवर यायला त्यांना शहाऐंशी वर्षे लागली.

आपल्याकडे

हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी प्रांतोप्रांतीचे निरनिराळे मोटार कायदे होते. १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एकच कायदा झाला. त्यात एक चांगली गोष्ट होती : यंत्रवाहन कोणतेही असो, चालवणाऱ्याचे वय अठरा. विलायतेत चौदा वर्षांचे पोर फटफटी उडवीत असताना इकडे साहेबाने अठराची अट घातली. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि चालवून दाखवण्याच्या परीक्षेत काय काय पाहायचे याची रीतसर यादीच कायद्याला जोडली गेली. इंजिन सुरू करणे, वळणे, दुसऱ्या वाहनाला ओलांडणे, संकटात थांबणे, हाताने खुणा करणे, आणि वाहन मागे नेणे. या शेवटच्या कलमातून फटफटीला सूट होती, कारण तिला मागे जाताच येत नाही. जिचा स्वभावच पुढे जाण्याचा, तिच्या स्वाराला थांबण्याचे शिक्षण दुप्पट हवे, हे त्या सवलतीत न लिहिलेले कलम होय.

तेव्हा फटफट्या होत्या किती? लष्करातून मोडीत निघालेल्या, नाहीतर बोटीतून आलेल्या. गावात एखादी, डॉक्टरांची किंवा फौजदाराची. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड, पुढे म्हैसूरला जावा, आणि आपल्या पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली, तसे चित्र पालटले. तरी मागणी एवढी आणि उत्पादन इतके थोडे, की स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परवाना खिशात आणि वाहन कारखान्यात, अशी कित्येकांची तरुणपणे सरली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना आली आणि दुचाकी मास्तरांच्या, कारकुनांच्या, कॉलेजकन्यकांच्या घरी पोहोचली. आज उलटा मामला आहे. वाहन दुकानातून दिवसाभरात घरी येते. परवान्याला मात्र निदान महिना लागतो. आणि त्या महिनाभराचाच धीर कित्येकांना धरवत नाही.

सध्याचा कायदा १९८८ चा. त्याचा अंमल १ जुलै १९८९ पासून सुरू झाला. त्याच्या लेखी स्कूटर काय, लूना काय, बुलेट काय, दोन चाकांचे सारे मोटारवाहन 'मोटारसायकल'च. परवाना घेण्याची रीत दोन टप्प्यांची आहे. आधी शिकाऊ परवाना. त्यासाठी रस्त्यावरच्या खुणा, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकापाशी घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायचे कागद, यांवर प्रश्न विचारतात. २०२१ पासून महाराष्ट्रात ही चाचणी घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली आहे. हा परवाना सहा महिने चालतो. वाहनाला पुढे-मागे 'एल' अक्षर लावावे लागते आणि शिकवणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही. निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्यासाठी चालवून दाखवायचे. किमान वय अठराच. मात्र सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना एक सवलत आहे. मूळ कायद्यात ती गिअर नसलेल्या दुचाकीपुरती होती. पुढे गिअरवाचूनच्या पण चांगल्या दमदार स्कूटर निघाल्या, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती सवलत ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनापुरती आवळली गेली. बाजारात आज दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर याच्या दुपटीहून मोठ्या असतात, हे सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटरची किल्ली देणारे किती वडील जाणतात?

नजरेच्या अटीचीही गंमत आहे. पूर्वी पंचवीस यार्डांवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते का, असे विचारीत. आता पंचवीस मीटरांवरून. मीटर यार्डाहून मोठा. म्हणजे दशमान पद्धतीने आपली दृष्टी दोन-अडीच पावले लांब केली!

आठाचा आकडा

पक्क्या परवान्याची खरी कसोटी अनेक कचेऱ्यांच्या मैदानावर आखलेल्या 'आठा'त असते. पाय न टेकता, रेषा न सोडता, सावकाश, आठाच्या आकड्यावरून दुचाकी फिरवायची. येथे मराठी माणसाने सावध असावे. आपला ८ हा एका बाजूला उघडा, गवताच्या विळ्यासारखा. त्यावरून गेलेला माणूस परत येत नाही. परीक्षेतला आठ इंग्रजी, दोन वेटोळ्यांचा, जिथे संपतो तिथेच सुरू होणारा.

पुष्कळांना वाटते की हा उगाच केलेला छळ आहे. रस्त्यावर आठ कोण काढतो? पण त्यात अर्थ आहे. दुचाकी वेगात असली की तिचा तोल बराचसा आपोआप सावरला जातो. सावकाश चालवताना मात्र तो स्वाराला राखावा लागतो. वेग हे अज्ञानाचे पांघरूण असते. आठ ते ओढून काढतो. शिवाय एक वेटोळे उजवे, दुसरे डावे. त्यामुळे एकाच अंगाला वळणाऱ्या बहाद्दराचे पितळ तिथेच उघडे पडते.

परंतु आठ जे दाखवू शकत नाही, तेही सांगितले पाहिजे. मैदानात समोरून ट्रक येत नाही, पाऊस पडत नाही, मागे दोन मित्र बसून 'अजून पळव' म्हणत नाहीत. ज्याने शंभर घनसेंटिमीटरच्या गाडीवर आठ काढला, त्याला गिअरच्या दुचाकीचा जो परवाना मिळतो, त्याच परवान्यावर तो दहापट ताकदीची फटफटी घेऊन महामार्गावर जाऊ शकतो. विलायतेने बांधला तसा जिना आपल्याकडे नाही. तळमजल्यावरून एकदम गच्ची! २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली शंभरांमागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. आणि शिरस्त्राण न घालता गेलेल्यांची संख्या होती ५०,०२९. एका मध्यम तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका वर्षात पुसली जावी, असा हा आकडा आहे. पुणेकरांनी शिरस्त्राणाविरुद्ध दिलेले लढे विनोदाला बरे असतात. या आकड्यापुढे तो विनोद ओठांवरच थांबतो.

२०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. परवान्याशिवाय चालवणाऱ्यास पाच हजार रुपये; आणि अज्ञान मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्याने अखेर परीक्षकाच्या शेजारी आईबापांनाही उभे केले, ते बरेच झाले. कारण कोणत्याही देशाच्या, कोणत्याही काळातल्या परीक्षकाला फटफटीवर बरोबर बसता आलेले नाही. तो फार तर कडेला उभा राहिला, किंवा मागून आला. मोटारीच्या चालकाबरोबर कोणी तरी असते. फटफटीस्वार परीक्षेतही एकटा आणि रस्त्यावरही एकटा. म्हणून त्याचा परवाना म्हणजे कृपापत्रही नव्हे, पावतीही नव्हे, आणि निव्वळ प्रशस्तिपत्रही नव्हे. 'कोणी पाहत नसताना देखील मी असाच चालवीन' असे एकट्याने रस्त्यावरच्या सगळ्यांना दिलेले ते वचन आहे.

या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर हजारो घरांपुढे नवी दुचाकी उभी राहील. तिला झेंडूचा हार पडेल, हळदकुंकू वाहिले जाईल, चाकाखाली लिंबू ठेवले जाईल. पूजा अवश्य करावी. मात्र त्या तबकात हळदकुंकवाशेजारी शिरस्त्राण आणि पक्का परवाना ठेवलेला असावा, आणि तो नसेल तर किल्ली तीस दिवस देवघरातच राहू द्यावी. बेंझच्या काळापासून वाहन आधी आले आणि परवाना मागाहून. आपल्या घरापुरता हा क्रम उलटा करणे आपल्या हाती आहे.